पाय टेकायचा नाही

"टेकू नगं! अगं, टेकू नगं म्हणते ना!"

आई पिठाच्या हातांनीच चुलीपासून उठून धावत आली. माझा डावा पाय घोट्याशी धरून तिने परत खाटेवर ठेवला. मी तो नुसता खाली सोडला होता. फरशी गार लागते का, एवढंच मला बघायचं होतं.

"हाड सरकलं म्हंजे? परत कापाकापी. डाक्टरांनी काय सांगितलंय?"

"अजून दोन महिने पाय टेकायचा नाही," मी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं.

"मग?"

माझ्या घोट्यावर पिठाची बोटं उमटली होती. ती तिने पदराने पुसली, उशी पायाखाली नीट सरकवली आणि परत भाकऱ्यांकडे गेली. तळहाताच्या फोडासारखं जपत होती मला. सत्तरीला आलेली बाई, माझ्यासाठी माहेराहून येऊन राहिलेली, स्वतःचे गुडघे दुखत असताना माझं भांडं उचलत होती, मला कोमट पाण्याने पुसून काढत होती. शेजारणी म्हणायच्या, आई असावी तर अशी. मीही म्हणायचे.

मी तेव्हा बोरदऱ्याची सरपंच होते. बायकांसाठी जागा राखीव निघाली म्हणून आमच्या ह्यांनी माझा अर्ज भरला, प्रचार केला, गुलालही स्वतःच्याच अंगावर घेतला. गावात 'सरपंच' अशी हाक मारली की वळून बघायचे ते हे. मी नुसती वहिनी. पंचायतीच्या फलकावर माझ्या नावापुढे जो मोबाईल नंबर लिहिलेला होता, तो फोन ह्यांच्या खिशात असायचा. कुणी तालुक्याहून फोन केला की हे खुशाल म्हणायचे, "हां, सरपंच बोलतोय." आजूबाजूच्या सगळ्याच गावांत असं होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पहिलं वर्षभर मलाही वाटलं नाही. ठेवलेल्या कागदावर सही करायची आणि चहा टाकायचा.

मग खडी क्रशरचं निघालं. ह्यांचा एक मित्र होता, त्याला गावाच्या गायरानावर क्रशर टाकायचं होतं. गायरानाच्या पायथ्याला पिण्याच्या पाण्याची विहीर आणि तिथून ओरडलं तर ऐकू येईल एवढ्यावर शाळा. सुरुंग लागले तर विहिरीचे झरे तुटणार आणि पोरं दिवसभर धूळ खाणार, हे समजायला काही सरपंच असावं लागत नाही. बायका माझ्याकडे आल्या. मी त्यांना शब्द दिला की माझ्या सहीने तरी हे होणार नाही. घरी ह्यांना तसं सांगितलं तेव्हा हे हसले होते. "बघू की," म्हणाले.

त्यानंतर महिन्याभरात माझा पाय मोडला. त्यात कुणाचा हात नव्हता. पाण्याच्या टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर खरंच टाकतात का ते बघायला मी लोखंडी शिडीने वर चढले होते. उतरताना गंजलेली पायरी निखळली. नडगीचं हाड मोडलं. तालुक्याच्या गावी डॉक्टर पाठारेंनी ऑपरेशन करून आत रॉड घातला आणि घरी सोडताना वॉकर दिला. म्हणाले, सध्या अंगठा टेकवत जपून चाला, पुढचा एक्स-रे काढला की किती भार द्यायचा ते ठरवू.

त्या पुढच्या एक्स-रेला आम्ही तिघं जीपने गेलो. मी, हे आणि आई. एक्स-रे तळमजल्यावर निघायचा. डॉक्टर वर बसायचे आणि लिफ्ट बंद होती.

"तू कशाला जिना चढतेस? मी फिल्म दाखवून येतो," हे म्हणाले.

आई म्हणाली, "मी बी येते जावई. माझ्या गुडघ्याचं इचारते जरा."

मी जीपमध्ये बसून राहिले. बऱ्याच वेळाने दोघं खाली आले. ह्यांचा चेहरा पडलेला होता. हाड धरत नाहीये म्हणे. आणखी दोन महिने पाय अजिबात टेकायचा नाही, अंगठासुद्धा नाही. आईने डोळ्यांना पदर लावला. घरी आल्यावर वॉकर माळ्यावर गेला, कारण तो समोर दिसला की मला उठायचा मोह होतो, असं ह्यांचं म्हणणं पडलं. आणि मी, चाळिशीची बाई, गावची पहिली नागरिक, भांड्यावर बसायला लागले.

झोपून झोपून पायाची पोटरी वितळली. उजव्या पायाशेजारी डावा ठेवला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. घोटा लाकडासारखा झाला. मी ह्यांना म्हटलं, डॉक्टरांशी मला एकदा बोलू द्या. हे म्हणाले, "कालच बोललो मी. तेच म्हणाले, घाई नको."

पंधरा ऑगस्ट उजाडला. सकाळी भोंग्यावर ऐकू आलं की सरपंचांच्या हस्ते ध्वजवंदन होत आहे, ग्रामस्थांनी उपस्थित राहावे. सरपंच तर इथे खाटेवर चहात बटर बुडवून खात होती. झेंडा ह्यांनी फडकवला. मी राष्ट्रगीत बसून ऐकलं आणि तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले, दुःखाने नव्हे, संतापाने. ग्रामसभा त्याच दिवशी होती. झेंड्यानंतर, पंचायतीसमोरच्या मांडवात, आणि विषयांच्या यादीत क्रशरही होतं, हे भोंग्यानेच सांगितलं होतं.

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. वेशीजवळचा जालिंदर कागदात जिलेबी घेऊन आला होता. त्याच्या घरकुलाचं काहीतरी अडलं होतं.

"वहिनी, हे काय? तुम्ही अजून खाटंवरच?"

"पाय मोडलाय माझा, जालिंदरभाऊ."

"मोडला म्हंजे? माझा बी मोडला की! तुमच्यानंतर मोडला. मोटारसायकल अंगावर पडली. हे बघा." त्याने पायजमा वर करून गुडघ्याखालचे टाके दाखवले. अगदी माझ्यासारखेच टाके. "पाठारे डाक्टरच. रॉडच घातलाय. पण मला तर त्यांनी एक दिवस खाट धरू दिली नाही. चाल म्हणाले. मी म्हटलं दुखतंय, तर म्हणाले दुखू दे थोडं. वजन पडलं तरच हाड धरतं म्हणाले, पडून राहिलास तर हाडाला कळणार बी नाही की ते पायात हाय."

मी जिलेबीचा तुकडा तसाच खाली ठेवला.

"माझं हाड धरत नाहीये, भाऊ."

"असं? मग मला कसं म्हणाले ते? परवा गेलतो ना मी, तर म्हणाले, तुमच्या सरपंचबाईंचं बघ, किती छान धरलंय हाड, त्यांनी तर आता पळायला पाहिजे."

पुढचं मला नीट आठवतं. अंगातून वीज गेल्यासारखं वगैरे काही झालं नाही. मी फक्त हात पुढे केला आणि म्हणाले, "तुमचा फोन द्या. डॉक्टरांना लावून द्या."

डॉक्टरांना माझी ओळख पटायला वेळ लागला नाही. ओळख पटली आणि ते तापलेच.

"बाई, व्यायामाला तुम्ही आलाच नाहीत! मिस्टरांना तीनदा सांगितलं मी. काय चालवलंय काय तुम्ही लोकांनी?"

"डॉक्टर, मी पाय टेकायचा की नाही?"

"म्हणजे? तुम्ही अजून टेकत नाही?" त्यांचा आवाज उतरला. "सरपंचबाई, मागच्या एक्स-रेत हाडाभोवती नवं हाड आलेलं स्पष्ट दिसत होतं. मी त्याच दिवशी सांगितलं, वॉकर धरून पूर्ण भार द्यायला सुरुवात करा. तुमचे मिस्टर समोर उभे होते."

"आता टेकला तर मोडेल?"

"मधे पडला नाहीत ना? मग नाही मोडणार. रॉड आहे आत. पण महिनाभर पडून राहिलात, पायात ताकद नसेल, तो दगा देईल. वॉकर सोडायचा नाही. आधी उभ्या राहा, चक्कर येते का बघा. पोटरी, घोटा दुखेल, ते दुखू द्या. मोडलं होतं तिथेच सुरीसारखी कळ आली तर मात्र थांबा आणि मला फोन करा. सगळ्यांना असं सांगत नाही मी, प्लेट घातलेल्यांना वेगळं, नुसतं प्लास्टर असलेल्यांना वेगळं. तुमचा एक्स-रे मी बघितलाय म्हणून सांगतोय. उद्या दाखवायला या. आणि बाई, स्वतः वर या. लिफ्ट चालू झालीय."

मी फोन परत केला. जालिंदर एकदम अवघडला होता. घरकुलाचं राहू द्या, नंतर बघू, असं काहीतरी पुटपुटत तो दाराकडे सरकला.

"थांबा, भाऊ. माळ्यावरचा वॉकर काढा."

त्याने माळ्याकडे पाहिलं, मग आपल्या काठीकडे. "वहिनी, शिडी न्हाई चढता यायची मला अजून."

"आई!"

आई दारातच उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"आई, वॉकर काढ. डॉक्टरांनी टेकायला सांगितलंय. महिन्यापूर्वीच सांगितलंय! ह्यांनी खोटं सांगितलं मला, ऐकलंस? सभा होईपर्यंत मला खाटेला बांधून ठेवायचं होतं. तिकडे गायरानाचा ठराव चाललाय, माझ्या नावाने!"

"वरडू नगं. शेजारपाजार हाय."

"वॉकर काढ!"

"मी न्हाई काढायची. पडशील कुठं तरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन्ही पाय खाली सोडले, खाटेची कड धरली आणि उभी राहिले. डावा पाय टेकला. अख्खा, टाचेसकट. पोटरीत असा काही गोळा आला की तोंडातून किंकाळी निघाली, गुडघा लटपटला, घोटा वाकेना. मी वाट बघत राहिले त्या सुरीसारख्या कळेची. ती आली नाही. पाय दुखत होता, पण तो माझ्याखाली उभा होता.

"अगं बाई! अगं, बस! आज नगं, उद्यापासनं टेक!" आईने मला कवेत धरलं. तिच्या लक्षात आलं की मी तशीच चालायला लागणार आहे. तेव्हा मात्र ती वॉकर काढायला शिडीवर चढली, रडत, मला शिव्या देत.

पंचायत आमच्या गल्लीच्या टोकाला. पाय मोडण्याआधी पापड वाळत टाकून, जाऊन परत येईपर्यंत ते उलटायची वेळ होत नसे. त्या दिवशी ती गल्ली संपता संपेना. वॉकर पुढे टाकायचा, मोडका पाय पुढे घ्यायचा, मग हातांवर भार देत चांगला पाय. जालिंदर काठी टेकत शेजारून येत होता. ओट्यावरच्या बायका तोंडात पदर धरून बघत होत्या. भोंग्यावरून ग्रामसेवकाचा आवाज येत होता, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. त्यांची जमाखर्चाची वाचावाची चालली होती. म्हणजे ठराव अजून यायचा होता.

निम्म्या वाटेवर मी थांबले. दम लागला म्हणून नाही.

उद्यापासनं टेक.

दोन महिने टेकायचा नाही, असं आई मला सकाळ-संध्याकाळ ऐकवत होती. त्याला जेमतेम एक महिना झाला होता. मग उद्यापासून कसं? उद्या काय होतं? उद्या फक्त ग्रामसभा होऊन गेलेली असणार होती.

ती जिना चढून वर गेली होती. डॉक्टर ह्यांच्याशी बोलले तेव्हा ती तिथेच होती. गुडघ्याचं विचारायला.

मागे वळून घरी जावं आणि तिला जाब विचारावा असं इतकं वाटलं की हात वॉकरच्या मुठींवर आवळले गेले. पण वॉकरवर वळणं चालण्यापेक्षा अवघड असतं. आणि भोंग्यावरून आवाज आला, "पुढील विषय, गायरान गटातील खडी क्रशर उद्योगास ना हरकत देणेबाबत."

मी चालत राहिले. पाय दुखत होता की नाही ते मला खरंच आठवत नाही.

मांडवात मी शिरले तेव्हा भाऊसाहेबांचं वाचन मधेच तुटलं. खुर्चीवर हे बसले होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, छातीला झेंड्याचा बिल्ला लावून. शेजारी उपसरपंच, मान हलवायला. मला बघून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण गडी पुढारी होता, सावरला.

"अगं, अगं! हे काय? कुणी आणलं हिला? मंडळी, बघा, डॉक्टरांनी पाय टेकायला सक्त मनाई केलीय आणि ही बाई—"

"डॉक्टर पाठारेंशी आत्ताच बोलले मी," मी म्हणाले. भोंगा चालूच होता, त्यामुळे ते अख्ख्या गावाने ऐकलं. "महिन्यापूर्वीच चालायला सांगितलंय त्यांनी मला. तुम्हाला सांगितलंय."

भाऊसाहेबांनी हातातला कागद खाली ठेवला.

"घरातलं घरात बोलू," हे हलक्या आवाजात म्हणाले.

"घरात मला भांड्यावर बसवलंत. आता इथेच बोलू. भाऊसाहेब, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. घेतली?"

भाऊसाहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं.

"तिकडे काय बघता? सरपंच मी आहे. घेतली का?"

"न्हाई, मॅडम. सरपंच म्हणाले... म्हणजे साहेब म्हणाले की पुढं बघू."

"मग ही सभा तहकूब. आधी बायकांची सभा होईल, विहिरीवर, म्हणजे कशाला हरकत घ्यायची ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर पुढचं." मी खुर्चीपाशी पोचले होते. हे उठत नव्हते. वीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, आमच्याकडे घेत नाहीत. "भानुदास गाडेकर," मी म्हणाले, "उठा. ग्रामस्थांत जाऊन बसा."

मागे कुठलीशी बाई "अगं बाई!" म्हणाली. हे उठले. मानेपर्यंत लाल झाले होते. मी खुर्चीवर बसले आणि बसताना पाय इतका ठणकला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण ते मी कुणाला दिसू दिलं नाही. नंतर विहिरीवरच्या सभेत झाडून सगळ्या बायका आल्या आणि ना हरकत मिळाली नाही ती नाहीच. क्रशर पुढे पलीकडच्या गावाच्या डोंगराला लागलं. त्यांच्याकडेही बाईच सरपंच होती म्हणे.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. मी समोर उभी राहिले, वॉकर धरून.

"तुला माहीत होतं."

ती मेथीची पानं खुडत राहिली.

"जिन्यात जावई माझ्या पाया पडले गं," ती शेवटी म्हणाली. "दोन्ही हातांनी. म्हणाले, आई, एवढी ग्रामसभा होऊ द्या, मित्राला शब्द दिलाय, माझी अब्रू तुमच्या हातात हाय. मग लेकीला पाहिजे तेवढी नाचवा. कुनाचा जावई सासूच्या पाया पडतो? मला काय बोलावं ते कळंना."

"डॉक्टरांनी सांगितलं ते तू कानांनी ऐकलंस. माझा पाय सुकत होता. रोज तूच तो पुसत होतीस."

"पाय काय, आज ना उद्या बरा झालाच असता. नवऱ्याला चारचौघांत खाली पाडल्यावर ते बरं होतं व्हय? तुझ्याच संसारासाठी केलं मी."

"माझं भांडं उचललंस तू," मी म्हणाले. "महिनाभर. मला वाटलं, किती करते माझी आई. मला तुझ्यापुढे लाज वाटायची. आणि ते भांडं लागतच नव्हतं!"

"लेकीचं भांडं उचलायची आईला लाज नसती," ती म्हणाली, आणि एवढं समजावणीच्या सुरात म्हणाली की मला वाटलं, हिला कळलेलंच नाही. आणि तिला खरंच कळलं नव्हतं.

ह्यांच्यावरचा राग पुढे निवळला. ह्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षाच केली नव्हती. फोन माझ्याकडे आला, फलकावरच्या नंबरावर आता मी बोलते हे तालुक्याला कळलं, आणि हे रुसून रुसून किती रुसणार. घोटा मात्र पूर्ण वाकला नाही तो नाहीच, आजही मांडी घालून बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले, तो महिना फुकट गेला त्याचं हे.

आई दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाली. पिशवी भरून ओट्याशी थांबली. स्टँड आमच्या दारातून दिसतो, तिथवर तिला पोचवायला मी दर खेपेला जायचे, पिशवी घेऊन, एस.टी. हलेपर्यंत खिडकीशी बोलत.

"येते गं," ती म्हणाली. "पायाला जप. तू नगं येऊ, तुझा पाय..."

"पायाला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

तिने पदर खोचला. मग पिशवी उचलून एकटीच गेली, गुडघ्यांवर हात ठेवत. मी खाटेवर बसून राहिले. एस.टी. आली, थांबली, निघून गेल्याचा आवाज आला. त्यानंतर मी वॉकर ओढला आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, डाव्या पायावर पूर्ण भार देऊन उठले.